फुरसे

फुरसे हा व्हायपरिडी (घोणस) कुलातील, आखूड व दणकट बांध्याचा विषारी साप असून त्याचे शास्त्रीय नाव एकिस कॅरिनेटस असे आहे. नाग, मण्यार व घोणस यांच्यासह त्याची गणना भारतातील वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाच्या चार सापांत केली जाते. या चौघांत आकाराने तेच सर्वांत लहान होय. भारतीय द्वीपकल्पाचे बरेचसे कोरडे प्रदेश, राजस्थान, पाकिस्तान, श्रीलंका, इराण, मध्य आशियाचा काही भाग आणि अरबस्तानची पूर्व बाजू असा त्याचा प्रसार आहे. महाराष्ट्रात ते पठारावरील माळरानांतही आढळते, तथापि त्याची खरी ओळख कोकणाशी, विशेषतः रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्याच्या सड्यांशी, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांशी, निगडित आहे.

‘फुरसे’ हा शब्द ध्वन्यनुकारी असावा, असे सामान्यतः समजले जाते. डिवचल्यावर हा साप जो आवाज करतो त्यावरून, किंवा ‘फुर्र’ या शीघ्रतादर्शक उच्चारावरून तो आला असावा, असे दोन तर्क संभवतात. यांपैकी पहिला अधिक प्रचलित आहे. मात्र फुरशाचा आवाज ऐकलेल्यास तो ‘फुरफुर’ यापेक्षा ‘खरखर’ याला अधिक जवळचा वाटतो, ही अडचण उरते. मारा करतानाची त्याची चपळाई लक्षात घेता दुसरा तर्कही अगदीच टाकाऊ ठरत नाही. हिंदीतील ‘अफई’ हे नाव अरबी भाषेतून आलेले असून त्याचा मराठी नावाशी संबंध दिसत नाही. एकिस हे प्रजातिनाम ग्रीक भाषेतील ‘विषारी साप’ या अर्थाच्या शब्दापासून, तर कॅरिनेटस हे जातिनाम जहाजाच्या तळाच्या मधल्या कण्याला असलेल्या लॅटिन शब्दापासून बनले आहे व ते खवल्यांवरील उभ्या कंगोऱ्यांना उद्देशून आहे.

प्राचीन वैद्यकीय वाङ्मयात फुरशाचा उल्लेख शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषारी सापांचे दर्वीकर, मंडली व राजिमान असे मुख्य वर्ग दिले आहेत. त्यांपैकी दर्वीकर म्हणजे फणाधारी साप, याबाबत मतभेद नाही. मंडली वर्गात घोणस व फुरसे या दोघांचाही समावेश करण्याकडे आधुनिक भाष्यकारांचा कल असतो. परंतु मंडली सापांचे तेथील वर्णन नाना मंडलांनी चित्रित, जाड व मंदगामी असे आहे. ते घोणशीला चपखल लागू पडते. हातभर लांबीच्या, सडपातळ मानेच्या फुरशाला ओढूनताणूनच लावावे लागते. त्यामुळे हा वर्ग घोणशीवरून कल्पिलेला असून फुरसे त्यात नंतर बसविले गेले, असे मानणे अधिक सुरक्षित होय.

वर्णन : कोकणातील फुरशी बहुधा ३० ते ४० सेंमी. लांब असतात, वायव्येकडील रूप मोठे असून ते सुमारे ८० सेंमी.पर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत. रंग तपकिरी, राखट किंवा विटकरी असून तो त्या त्या ठिकाणच्या मातीशी व दगडाशी मिळताजुळता असतो. पाठीवर मध्यभागी फिकट ठिपक्यांची रांग व दोन्ही कुशींवर नागमोडी पांढरट रेघ असते. डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी किंवा बाणाच्या टोकासारखी फिकट खूण दिसते. डोके मानेपेक्षा स्पष्टपणे रुंद, डोळे मोठे व बाहुली उभी असते. शरीराच्या मध्यावर खवल्यांच्या २५ ते ३९ रांगा, पोटाखाली १४३ ते १८९ रुंद पट्ट आणि शेपटीखाली २१ ते ५२ अविभाजित पट्ट असतात.

बचाव : फुरशाचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे त्याचा इशारा देण्याचा प्रकार. इतर बहुतेक साप फुप्फुसातील हवा जोराने बाहेर टाकून फूत्कार करतात. फुरसे मात्र मुख्यतः अंगावरील खवले एकमेकांवर घासून आवाज काढते. कुशीवरील खवल्यांच्या चार ते सात रांगा इतर खवल्यांपेक्षा अरुंद असून सरळ मागे न वळता तिरप्या खाली झुकलेल्या असतात. त्यांच्या कंगोऱ्यांना करवतीसारखे बारीक दाते असतात. धोका जाणवताच फुरसे शरीराची अर्धवर्तुळाकार किंवा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वेटोळी घालते, डोके त्यांच्या मधोमध ठेवते आणि शेजारशेजारच्या वेटोळ्यांना विरुद्ध दिशांनी सरकवत राहते. डोके जागच्या जागी, आणि त्याच्या भोवती सारे अंग मात्र दळणाच्या जात्यासारखे फिरते आहे, असे ते दृश्य असते. या घर्षणातून तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसा चरचरीत, अखंड आवाज निघतो व तो काही मीटरांवरून ऐकू येतो.

या आवाजाच्या प्रयोजनाविषयी एकमत नाही. एका मतानुसार ही पाण्याच्या बचतीची युक्ती आहे : फूत्कार करताना श्वासाबरोबर बाष्प बाहेर जाते, घर्षणात ते जात नाही, आणि वाळवंटातील प्राण्याला हा फरक मोलाचा ठरतो. उत्तर आफ्रिका व अरबस्तानच्या वाळवंटांतील शिंगवाल्या घोणशीतही (सिरॅस्टिस) अशीच रचना आढळते, हा या मताचा मुख्य आधार. उलटपक्षी, वर्षाला सरासरी तीन हजार मिमी.च्या आसपास पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत हे कारण कसे लागू पडावे, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. ही रचना कोरड्या प्रदेशातील पूर्वजांकडून आलेली असून दमट प्रदेशातही इशारा म्हणून उपयोगी असल्यामुळे टिकून राहिली, हे स्पष्टीकरण आजवरच्या पुराव्याशी अधिक सुसंगत वाटते. आफ्रिकेतील अंडी खाणारे बिनविषारी साप (डॅसिपेल्टिस) नेमकी अशीच वेटोळी घालून असाच आवाज काढतात, यावरून भक्षकांवर या इशाऱ्याचा वचक आहे असे अनुमान काढता येते. फुरशाला फूत्कार करताच येत नाही, हा समज मात्र बरोबर नाही.

इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास फुरसे विलक्षण वेगाने व वारंवार मारा करते. ते उडी मारून चावते, अशी कोकणात समजूत आहे. वस्तुतः शरीर हलके आणि माऱ्याचा जोर मोठा असल्यामुळे क्वचित सारे अंगच पुढे घसरते आणि पाहणाऱ्याला ती उडी वाटते. पळून जाताना ते बहुधा तिरपे चालते : शरीराचा एक भाग उचलून बाजूला टाकायचा, त्यावर भार देऊन उरलेला भाग ओढून घ्यायचा, अशा या गतीने मोकळ्या वाळूवर एकमेकांना समांतर अशा तुटक तिरप्या रेघा उमटतात.

शिकार : फुरसे निशाचर आहे. दिवसा ते दगडांच्या कपारीत, गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) सांदीत, बिळांत किंवा पातेऱ्याखाली (वाळलेल्या पाल्याखाली) राहते व अंधार पडल्यावर बाहेर येते. शिकारीमागे धावण्यापेक्षा दबा धरून बसणे ही त्याची रीत असून अनेकदा ते सैल माती किंवा वाळूत अंग दडवून केवळ डोके उघडे ठेवते. उंदीर, पाली, सरडे व बेडूक यांबरोबरच विंचू, गोम व मोठे कीटक हे त्याच्या आहारातील महत्त्वाचे घटक आहेत. सस्तन प्राण्यांवर गुजराण करणाऱ्या घोणशीपेक्षा ते येथे वेगळे पडते. एकिस प्रजातीतील निरनिराळ्या जातींच्या तुलनेतून असे दिसून आले आहे, की ज्या जातींच्या आहारात संधिपाद (विंचू, गोम, कीटक यांसारख्या) प्राण्यांचे प्रमाण अधिक, त्यांचे विष विंचवावर अधिक प्रभावी असते. फुरसे याच गटात मोडते. पावसाळ्यात जमीन भिजली, की फुरशी लहान झुडपांवर चढून बसतात.

भारतातील फुरसे अंडी घालत नाही. त्याची अंडी मादीच्या शरीरातच उबून पिले बाहेर पडतात. एका वेळी साधारणतः ३ ते १५ पिले होतात व ती जन्मतः सुमारे ११ ते १५ सेंमी. लांब असतात. उत्तर भारतात एप्रिल ते ऑगस्ट हा पिलांचा हंगाम आहे.

दबा धरण्याच्या या सवयीमुळेच माणसाशी त्याची गाठ पडते. पावलांच्या चाहुलीने इतर साप बहुधा दूर सरकतात, फुरसे मात्र आपल्या रंगावर विसंबून जागीच राहते. जांभ्याचा चिरा उचलताना, गवताचा भारा बांधताना, आंबा-काजूच्या बागेतील पातेरा हाताने गोळा करताना किंवा अंधारात अनवाणी घरामागच्या परड्यात जाताना दंश होतात, आणि ते बहुतेक बोटांवर, पंजावर किंवा घोट्याखाली असतात. भाऱ्याच्या बुडाशी बसलेले फुरसे गवताच्या सळसळीत ऐकूच येत नाही, त्यामुळे त्याचा इशारा येथे वाया जातो. सापाचे नाव न घेण्याच्या ग्रामीण रिवाजानुसार अशा दंशाला ‘पान लागले’ असे म्हणतात.

रत्नागिरीतील बक्षिसे : तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यात (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा त्यातून १९८१ मध्ये वेगळा झाला) फुरशी किती विपुल होती, याचा सर्वाधिक उद्धृत केला जाणारा पुरावा व्हिडाल या सनदी अधिकाऱ्याने १८९० मध्ये मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मारलेल्या सापामागे सरकारी बक्षीस दिले जात असता सहा वर्षांत दरवर्षी सरासरी सव्वादोन लाखांच्या वर फुरशी मारली गेली, असे त्यात नमूद आहे. १८६२ मध्ये बक्षीस सहा पैंवरून दोन आण्यांवर, म्हणजे चौपट, नेल्यावर डिसेंबरच्या २ ते १० तारखांदरम्यान १,१५,९२१ साप आणले गेले. हे आकडे पुढील जवळजवळ सर्व ग्रंथांत जसेच्या तसे उतरले आहेत. त्यांकडे थोड्या सावधपणे पाहणे इष्ट होय. दिवसाला हजारोंच्या संख्येने येणाऱ्या मेलेल्या सापांतील प्रत्येक फुरसेच होते, याची खातरजमा कितपत शक्य होती हे सांगता येत नाही, आणि दर चौपट झाल्यावर आवक वाढणे हे केवळ सापांच्या संख्येचे नव्हे, तर शोधणाऱ्या हातांच्या संख्येचेही द्योतक असते. डिसेंबरात गवत कापून झालेले असते व सडे उघडे पडतात, ही गोष्टही या हिशेबात धरावयास हवी. तथापि निम्मे आकडे वगळले, तरी एवढ्या लहान प्रदेशात विषारी सापाची इतकी दाट वस्ती अपवादात्मकच म्हणावी लागते.

विष व उपचार : फुरशाचे विष प्रामुख्याने रक्तावर परिणाम करते. त्यातील इकॅरिन हे विकर रक्तातील प्रोथ्रॉम्बिन या रक्त गोठविणाऱ्या प्रथिनाचे सक्रियण करते. त्यामुळे रक्त गोठविणारी द्रव्ये शरीरभर अनाठायी खर्ची पडतात आणि अखेर रक्त गोठेनासे होते. दंशाच्या जागी वेदना व सूज, पुढे हिरड्यांतून, लघवीतून व जुन्या जखमांतून रक्तस्राव, आणि गंभीर प्रसंगी मूत्रपिंडे निकामी होणे, अशी लक्षणे दिसतात. विषाचे सरासरी शुष्क वजन सुमारे १८ मिग्रॅ. व प्रौढ माणसास घातक मात्रा ५ मिग्रॅ.च्या आसपास असल्याचे अंदाज दिले जातात. परंतु ते मोठ्या आकाराच्या सापांवरून बांधलेले दिसतात व कोकणातील लहान फुरशांना ते तसेच लावता येणार नाहीत.

रक्त गोठते की नाही हे ताडण्यासाठी ग्रामीण रुग्णालयातही करता येणारी चाचणी रूढ आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत शिरेतील सुमारे २ मिलि. ताजे रक्त घेऊन ते न हलविता वीस मिनिटे ठेवतात व मग नळी कलती करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष भिनले असे समजून शिरेतून प्रतिविष देतात आणि सहा तासांनी चाचणी पुन्हा करतात. रक्त गोठत नसल्यामुळेच दंशाच्या जागी चिरा देण्याचा जुना उपाय फुरशाच्या बाबतीत विशेष घातक ठरतो. याच विषाचा वैद्यकाला उपयोगही झाला आहे : इकॅरिन रक्त गोठण्याच्या प्रयोगशालेय चाचण्यांत वापरले जाते, तर विषातील इकिस्टॅटिन या प्रथिनाच्या रचनेवरून हृदयविकारात वापरले जाणारे टायरोफायबॅन हे औषध विकसित झाले.

भारतात वापरले जाणारे प्रतिविष वर उल्लेखिलेल्या चारही सापांच्या विषावर मिळून बनविलेले बहुगुणी प्रतिविष असते. त्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा तमिळनाडूतील इरुळा सर्पपकड सहकारी संस्थेकडून (स्थापना १९७८) येतो. परिणामी दक्षिणेकडील सापांच्या विषाविरुद्ध बनलेले प्रतिविष पश्चिम राजस्थानातील फुरशांच्या दंशांत तोकडे पडते, असे तेथील वैद्यांचे निरीक्षण आहे. हा प्रश्न वर्गीकरणाशी जोडलेला आहे.

वर्गीकरण : पॅट्रिक रसेल यांनी १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीच्या आपल्या ग्रंथात या सापाचे चित्र दिले. त्या आधारे श्नायडर यांनी १८०१ मध्ये त्याला जातिनाम दिले व नमुन्याचे स्थळ म्हणून मद्रासजवळील आरणी मानले जाते. एकिस ही प्रजाती मेरेम यांनी १८२० मध्ये स्थापिली. विसाव्या शतकात श्रीलंकेतील रूप (१९५१), वायव्येकडील सोचुरेकी (१९६९), पाकिस्तानच्या अस्तोला बेटावरील रूप (१९७०) आणि मध्य आशियातील मल्टिस्क्वामॅटस (१९८१) अशा उपजाती वर्णिल्या गेल्या. यांपैकी काहींना स्वतंत्र जातींचा दर्जा द्यावा, असे एक मत आहे. जनुकीय अभ्यासांवरून एकिस प्रजातीत चार मुख्य गट दिसतात व वरील सर्व रूपे त्यांतील एकाच गटात येतात. त्यामुळे पुष्कळसे लेखक त्यांना उपजातीच मानतात व प्रस्तुत नोंदीतही तोच संकेत पाळला आहे.

फुरसे समजून मारल्या जाणाऱ्या सापांत मांजऱ्या प्रमुख आहे. त्याच्याही डोक्यावर फिकट खूण व उभी बाहुली असते आणि तोही वेटोळे घालून आवेशाने मारा करतो. परंतु त्याचे शरीर सडसडीत, शेपूट लांब व खवले गुळगुळीत असतात. आवेश कितीही आणला, तरी घर्षणाचा तो चरचरीत आवाज त्याला काढता येत नाही.