मधुमेहींना पाय जपायला शिकवणं: हे आलं कुठून?

"पाय रोज बघा" या सल्ल्यामागचं बरंचसं शहाणपण कुष्ठरोगाच्या कामातून आलं. १९४० च्या दशकाअखेरीस तमिळनाडूतल्या वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या ध्यानात आलं की बोटं नुसत्या रोगाने झडत नाहीत. दुखतच नाही म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो. एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या) रबराची मऊ चप्पल याच कामातून रुजली आणि पुढे मधुमेहींच्या पायात आली, कारण त्यांचेही पाय असेच बधिर होतात. तिच्यासोबत कुष्ठरोगाचा शिक्काही आला, त्यामुळे ती घालून चारचौघांत जायला लोक धजावत नसत.

शिकवून खरंच पाय वाचतात का, हा वाद १९८९ पासूनचा. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात रुग्णांना तासाभराचा एकच वर्ग दिला, चिघळलेल्या पायांची चित्रं दाखवली. शिकवलेल्या गटात पाय कापावे लागण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशावर आलं. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये, नुकतीच जखम भरलेल्या १७२ जणांपैकी एका गटाला घरी जाऊन शिकवलं. त्यांच्या सवयी सुधारल्या, पण वर्षभरात दोन्ही गटांत ४१ टक्के लोकांना पुन्हा जखम झाली. तेव्हापासून "शिकवण्याचा पुरावा अपुरा" हे वाक्य सगळीकडे फिरतं. ते खोटं नाही, पण त्याचा अर्थ "शिकवू नका" असा लावणं मला साफ चूक वाटतं. ज्याच्या पायाला एकदा जखम होऊन गेली आहे त्याला तासभर समजावून तळव्यावरचा दाब कमी होत नाही. त्याला योग्य चप्पल लागते, भोवरी वेळच्या वेळी काढून देणारं कोणी लागतं. शिकवणं त्याआधी, पाय धड असताना व्हायला हवं.

आपल्याकडे घोळ होतो तो "बधिर" या शब्दाशी. "पाय बधिर झालाय का?" विचारलं की उत्तर येतं, "छे, उलट आग होते, मुंग्या येतात." आग आणि बधिरपणा एकाच पायात नांदतात, हे रुग्णाला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा वाकेपर्यंत तळव्याला टेकवतात. रुग्णाने डोळे मिटलेले असतात. स्पर्श कळला की "हो" म्हणायचं. धागा वाकतो आणि माणूस गप्पच राहतो.

धागा हाताशी नसेल तर मी दुसरंच विचारतो: चालताना चप्पल निसटलेली कळते का? बहुतेकदा उत्तर शेजारी बसलेली बायको देते: "कुठलं कळतंय! परवा देवळाच्या पायरीपासून पार कोपऱ्यापर्यंत एकाच चपलेवर आले हे."