जोडाशेजारचा गंज

स्टेनलेसच्या नव्या पाइपलाइनवर काही महिन्यांतच जोडाच्या कडेला तपकिरी ठिपका उमटतो. सुई टोचली तर आत शिरते आणि मागून पाण्याचा थेंब येतो. मग खिशातून चुंबक निघतं (खऱ्या स्टेनलेसला ते चिकटत नाही, असा समज) आणि माल डुप्लिकेट ठरतो. पुष्कळदा माल अस्सल असतो. बिघाड वेल्डिंगच्या उष्णतेने केलेला असतो, आणि चुंबकाला तो कळत नाही.

हे दुखणं जवळपास स्टेनलेसइतकंच जुनं आहे. १९१२ मध्ये जर्मनीत क्रुप कंपनीने क्रोमियम-निकेल पोलादाचं पेटंट घेतलं. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्लीने क्रोमियमचं पोलाद ओतलं. दोन्हीकडे गंजापासून राखण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा. पुढे रासायनिक कारखान्यांत वेल्ड केलेली उपकरणं आली आणि जोडालगतची पट्टीच खाल्ली जाऊ लागली. ठोकल्यावर खणखणणारा पत्रा तिथे बद्द वाजायचा, कारण धातूचे कणच एकमेकांपासून सुटलेले असत. १९३३ मध्ये एडगर बेन आणि सहकाऱ्यांनी उलगडा मांडला: साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसला पोलादातला कार्बन धातूच्या कणांच्या सीमेवर क्रोमियम ओढून घेतो आणि शेजारचा भाग उघडा पडतो.

उपाय दोन. टायटॅनियम किंवा नायोबियम घालून कार्बन बांधून टाकायचा, नाहीतर कार्बनच ०.०३ टक्क्यांवर आणायचा. दुसरा उपाय महाग होता. १९६० च्या दशकाअखेरीस आर्गन-ऑक्सिजनने वितळलेलं पोलाद शुद्ध करणं सुरू झालं, तेव्हा कमी कार्बनचा ‘३०४ एल’ हा प्रकार परवडू लागला. तोवर जास्त कार्बनच्या साध्या ३०४ चे पाइप बसून गेले होते. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत जोडांशेजारी भेगा सापडल्या. तारापूरच्या १९६९ पासूनच्या दोन भट्ट्याही याच जातीच्या.

‘एल’ घेतला म्हणून निर्धास्त राहणं मात्र चूक. सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं ते खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड. एकदा खड्डा पडला की आतलं पाणी आम्लधर्मी होतं आणि तो स्वतःच खोल जातो. ३१६ या प्रकारातलं दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम त्याला थोपवतं, पण जोडाच्या आत वेल्डिंगच्या उष्णतेची निळसर-काळी झाक राहिली तर तिच्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं. म्हणून आत हवा राहू नये यासाठी पाइपमध्ये आर्गन वायू भरून वेल्डिंग करायचं, झाक उरलीच तर पिकलिंग करून, म्हणजे आम्लाने ती काढून, स्वच्छ धुवायचं. प्रत्यक्षात बाहेरून बफ मारून चकाकी आणतात, आणि पाणी लागणारी आतली बाजू तशीच राहते. त्यात बोअरच्या खाऱ्या पाण्याने हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने गळतीची चाचणी) करून ते पाणी लाइनमध्ये आठवडेच्या आठवडे सोडलं, तर प्लांट चालू होण्याआधीच पाइप गळायला लागतो.