डबल ओचा ‘ऊ’ कसा झाला?

जुन्या टपाल शिक्क्यांवर आणि ब्रिटिश काळातल्या नकाशांवर पुण्याचं रोमन स्पेलिंग पी, डबल ओ, एन, ए असं दिसतं. ओ हे अक्षर दोनदा लिहिलं तर फार तर लांब ‘ओ’ व्हायला हवा, तिथे ‘ऊ’ कुठून आला? शाळेत असं विचारलं की ‘इंग्रजीत असंच असतं, पाठ करा’ हे उत्तर मिळतं. मला ते कधीच पटलं नाही. खरं उत्तर पाठांतराहून कितीतरी सुंदर आहे.

इटालियन किंवा स्पॅनिश मुलाला रोमन लिपीतले पाच स्वर म्हणायला सांगा. ते म्हणेल आ, ए, ई, ओ, ऊ. जर्मन मूलही तेच म्हणेल. इंग्रज मूल मात्र म्हणेल ए, ई, आय, ओ, यू. अक्षरं तीच, क्रमही तोच, पण इंग्रजीत त्यांचे आवाज जागेवरून हललेले आहेत.

कसे हलले, हे स्वतःच्या तोंडात पाहता येतं. हनुवटीवर बोट ठेवा आणि सावकाश आ, ए, ई म्हणा. आ म्हणताना जबडा खाली असतो, ए म्हणताना थोडा वर येतो आणि ई म्हणताना जवळजवळ मिटतो. जिभेचा पुढचा भाग टाळूकडे चढत जातो. आता आ, ओ, ऊ म्हणून पाहा. या वेळी जिभेचा मागचा भाग चढतो आणि ओठ गोल होतात. म्हणजे तोंडात दोन शिड्या आहेत, एक पुढची आणि एक मागची.

साधारण 1400 ते 1700 या तीनशे वर्षांत इंग्रजीतले दीर्घ स्वर या शिड्यांवरून वर सरकले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असं नाव दिलं. चौदाव्या शतकातला इंग्रज नावाला जवळपास ‘नाम’च म्हणायचा, शेवटी एक पुसटसा अ लावून. आपल्या ‘नाम’शी त्याचं खरोखर रक्ताचं नातं आहे, दोन्ही शब्द एकाच इंडो-युरोपीय मुळातून आले. पुढे त्या ‘नाम’चं ‘नेम’ झालं, पायांना म्हणायचे ते ‘फेट’ ‘फीट’ झालं आणि चंद्राच्या ‘मोन’चं ‘मून’ झालं. डबल ओ ही मुळात दीर्घ ‘ओ’चीच खूण होती. आवाज एक पायरी वर गेला, खूण खालीच राहिली.

ई आणि ऊ तर आधीच शिडीच्या टोकाला होते. त्यांना वर जायला जागाच नव्हती, म्हणून ते दुभंगले. खालून सुरुवात करून वर जाणारे जोडस्वर झाले. ‘टीम’चं ‘टाइम’ झालं, ‘मूस’चं ‘माउस’ झालं. हा मूस म्हणजे आपल्या मूषकाचा भाऊबंद.

विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणला तो 1476 मध्ये, म्हणजे ही चढाई चालू असतानाच. पुढच्या दोनेकशे वर्षांत छापील स्पेलिंग हळूहळू घट्ट होत गेलं आणि त्यात बरेचसे जुने उच्चार अडकून राहिले. ऱ्हस्व स्वर या चढाईत सामील झाले नाहीत. म्हणून ‘चाइल्ड’ आणि ‘चिल्ड्रन’, ‘क्राइम’ आणि ‘क्रिमिनल’ या जोड्यांत अक्षर एकच, पण आवाज दोन. त्यात दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात वीसच्या आसपास स्वर आहेत आणि अक्षरं पाचच. मराठीने बॅट आणि बॉलसाठी ॲ, ऑ अशी नवी चिन्हं घेतली. इंग्रजीने जुन्याच पाचांच्या जोड्या लावून निभावलं.

स्वर का चढले, खालच्याने वरच्याला ढकललं की वरच्याने जागा सोडली म्हणून खालचा आला, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला स्कॉटलंडचा पुरावा सगळ्यांत बोलका वाटतो. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये ‘ओ’ त्याआधीच तोंडाच्या पुढच्या बाजूला सरकला होता. मागच्या शिडीवर त्याची पायरी रिकामी होती, ऊला खालून धक्का द्यायला कोणी नव्हतं. आणि तिथला ऊ हललाच नाही! स्कॉट्स बोलीत आजही घराला ‘हूस’, गायीला ‘कू’ आणि उंदराला ‘मूस’ म्हणतात.

ही सरकलेली अक्षरं घेऊन इंग्रज भारतात आले. कानावर पडलेलं नाव लिहिताना ऊसाठी डबल ओ, ईसाठी डबल ई आणि असाठी ‘कट’मधला यू ते वापरत. पंजाबच्या स्पेलिंगमध्ये पीनंतर यू आहे तो असाच आला. कलकत्त्यात हिंदुस्तानी भाषेचा अभ्यासक जॉन गिलक्रिस्टने अशाच इंग्रजी वळणाची पद्धत चालवली. 1788 मध्ये संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्सने मात्र वेगळा मार्ग सुचवला होता. भारतीय शब्द रोमन लिपीत लिहिताना स्वरांना इटालियनसारखे, म्हणजे जुन्या जागेवरचे आवाज द्यायचे. 1870च्या दशकात ब्रिटिश अधिकारी विल्यम हंटरने सरकारी कामासाठी हीच दिशा पक्की केली, पण रुळलेली गावांची नावं तशीच ठेवली. पुण्याचा डबल ओ त्यामुळे टिकला. आज तिथे यू आहे आणि शेवटी ई आहे. दोन्ही अक्षरं इटालियन माणूस बरोबर वाचेल. फक्त इंग्रजी उच्चारांची सवय असलेला माणूस मात्र ‘प्यून’ वाचण्याचा संभव आहे.

आपल्या नावांत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. कुणी ‘सुनील’ आय लावून लिहितो, कुणी डबल ई लावून. माझ्या आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर तिच्या नावातल्या दीर्घ ईसाठी डबल ई आहे आणि आधार कार्डावर आय. बँकेने त्यासाठी तिला दोनदा परत पाठवलं. शेवटी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र तिला करून द्यावं लागलं.