बॅटरीच्या मायनसवरची ती छोटी डबी

सिग्नलला गाडी आपोआप बंद व्हायची थांबली की बरेच ग्राहक थेट म्हणतात, "बॅटरी बसली, नवीन टाका." आम्ही बॅटरी विकतो, तरीही सांगतो, घाई करू नका. आधी बॉनेट उघडा आणि मायनस टर्मिनल बघा. स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या, बहुतेक गाड्यांत तिथे क्लॅम्पलाच जोडलेली काळी डबी असते, तिला बारीक वायरचं सॉकेट असतं. हाच बॅटरी सेन्सर.

डबीच्या आत धातूची एक छोटी पट्टी असते. तिचा रोध माहीत असतो, साधारण 100 मायक्रोओहम, म्हणजे जवळजवळ नाहीच. बॅटरीत येणारा-जाणारा करंट या पट्टीतून जातो. 1 अँपिअर गेला की पट्टीच्या दोन टोकांत 0.1 मिलिव्होल्टचा फरक पडतो. सेल्फ मारताना 200 अँपिअर गेले तर 20 मिलिव्होल्ट. एवढ्याशा फरकावरून सेन्सर किती करंट गेला, किती आला याचा हिशेब ठेवतो. जोडीला व्होल्टेज आणि तापमानही मोजतो. त्यावरून बॅटरी किती भरलेली आहे आणि किती थकली आहे हे गाडीच्या कंप्युटरला कळतं. अल्टरनेटरने किती चार्ज द्यायचा, सिग्नलला इंजिन बंद करायचं की नाही, हे मग तो ठरवतो.

नुसतं व्होल्टेज मोजून हे का कळत नाही? गाडी नुकतीच बंद केली असेल तर अर्धी बॅटरीसुद्धा चांगला आकडा दाखवते. काही तास विश्रांतीनंतरचे 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी.

मध्यंतरी एक गाडी आली. वर्षभरात दुसरी बॅटरी, तरी सकाळी सेल्फ जड. मायनसच्या खांबावर डबीच्या आधीच एक जाड वायर पिळून बसवलेली होती, बाहेरून लावलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची. त्याचा करंट पट्टीतून जातच नव्हता, म्हणून हिशेबात येत नव्हता. आम्ही ती अर्थिंग बॉडीच्या बोल्टवर घेतली. बॅटरी चार्ज करून तीच परत बसवली.

म्हणून कळकळीची विनंती: डॅशकॅम असो, फॉग लॅम्प असो, मायनसच्या खांबावर काहीही जोडू देऊ नका. जंपर केबल लावतानाही काळा चिमटा बॉडीच्या किंवा इंजिनच्या कोऱ्या धातूवर लावा. क्लॅम्प निघत नसेल तर पान्याने उचकटू नका, डबी तडकते.

बॅटरी खरंच बदलायची असेल तर मूळ प्रकारचीच घ्या. एजीएम (आम्ल काचतंतूंच्या जाळीत शोषलेली बॅटरी) असेल तिथे एजीएम, ईएफबी (साध्या बॅटरीचाच सुधारित, दणकट प्रकार) असेल तिथे किमान ईएफबी. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर कंप्युटर तिला जुनीच समजून चार्ज देत राहतो. नोंदणी आम्ही तुमच्यासमोर करतो. त्यानंतर गाडी एक रात्र लॉक करून उभी ठेवा, सेन्सरला नवी बॅटरी ओळखायला तेवढा वेळ लागतो. पहिल्या दिवशी स्टार्ट-स्टॉप चाललं नाही तर काळजी नको. दोन-तीन दिवसांनीही चाललं नाही तर गाडी घेऊन या.