काम सोपवणं आणि काम सोडून देणं

मोठा सॉफ्टवेअर प्रोजेक्ट सुरू असताना सीईओ त्यातून दोन प्रकारे बाजूला होतो, आणि लांबून पाहिलं तर दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. आयटी प्रमुखाला अधिकार दिलेले असतात, व्हेंडरशी करार झालेला असतो, स्टीअरिंग कमिटी वेळच्या वेळी भरते, रिपोर्टमध्ये सगळं हिरवं असतं. पण एकीकडे काम सोपवलेलं असतं आणि दुसरीकडे सोडून दिलेलं.

सोपवणारा माणूस काम कसं करायचं हे दुसऱ्यावर सोडतो, पण तारीख पुढे ढकलायची किंवा सगळं थांबवायची वेळ आली, तर तो निर्णय स्वतःकडे ठेवतो. कुणी ‘झालं’ म्हटलं की तो ‘दाखवा’ म्हणतो. सोडून देणाऱ्याला पुरावा नको असतो, दिलासा हवा असतो. ‘वेळेत होईल ना?’ असं वरून विचारलं, की खालून ‘हो’शिवाय दुसरं काय येणार?

ब्रिटनच्या टीएसबी बँकेत हेच घडलं. एप्रिल २०१८मध्ये बँकेने सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती आपली जुनी मालक असलेल्या लॉइड्स बँकेच्या सिस्टिमवरून नव्या प्लॅटफॉर्मवर हलवली. तो उभारण्याचं काम साबिसकडे होतं. टीएसबीची तेव्हाची मालक होती साबादेल ही स्पॅनिश बँक, आणि साबिस ही त्याच समूहातली आयटी कंपनी. डेटा व्यवस्थित पोहोचला, पण प्लॅटफॉर्मने लगेच मान टाकली. लाखो लोकांना स्वतःच्या खात्यापर्यंत पोहोचता येईना, आणि कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. सप्टेंबरमध्ये सीईओ पॉल पेस्टर पायउतार झाले.

२०१९मध्ये स्लॉटर अँड मे या लॉ फर्मचा चौकशी अहवाल आला. डेटा सेंटर दोन होती, पण भार पेलण्याची चाचणी एकावरच झाली होती. हे विचारायला कुणाला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. ‘दोन्ही तपासली का?’ एवढंच पुरलं असतं. संचालक मंडळाने पुरेसे खोदून प्रश्न विचारले नाहीत, असाच अहवालाचा रोख होता. साबिसने तयारीची ग्वाही दिली होती, पण त्या ग्वाहीमागे साबिसच्या पुरवठादारांची जी पत्रं होती, त्यांत झालेल्या कामापेक्षा होणाऱ्या कामाची आशा जास्त होती. त्यातून समूह एकच. घरच्याच कंपनीकडे काम दिलं की ते सोडून दिल्यासारखं वाटतच नाही, आणि माझ्या मते धोका तिथेच वाढतो.

नियामकांना हा फरक चांगला कळतो. डिसेंबर २०२२मध्ये टीएसबीला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. पुढच्या एप्रिलमध्ये बँकेचे माजी आयटी प्रमुख कार्लोस अबार्का यांना व्यक्तिशः ८१,६२० पौंड भरावे लागले. ठपका कोड चुकल्याचा नव्हता. बाहेर दिलेल्या कामावर बँकेची नीट देखरेख राहील याची पुरेशी काळजी घेतली नाही, हा होता.

याचा अर्थ वरिष्ठांनी प्रत्येक मीटिंगला बसावं असा नाही. बटणाच्या रंगावर तासभर बोलणारा आणि कामाची व्याप्ती कमी करायचा विषय निघाला की फोन पाहणारा साहेबही काम सोडूनच देत असतो, फक्त हजेरी लावून.

लिडलचं प्रकरण जरा वेगळं. या जर्मन किराणा साखळीने २०११मध्ये एसएपी या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर आधारित नवी सिस्टिम करायला घेतली. लिडल साठ्याचं मूल्य खरेदी किमतीने मोजत असे, तर एसएपीचं रिटेल सॉफ्टवेअर विक्री किमतीने. आपली पद्धत बदलायची की सॉफ्टवेअर? हा कंपनीच्या कारभाराचा प्रश्न होता, प्रोग्रॅमरचा नव्हे. लिडलने पद्धत तशीच ठेवली आणि सॉफ्टवेअर वाकवायला घेतलं. असा एक निर्णय वर होतो, त्याची किंमत खाली कस्टमायझेशन म्हणून साचत राहते, आणि ती पुन्हा वर येऊन दिसेपर्यंत वर्षं जातात. २०१८मध्ये लिडलने प्रोजेक्ट गुंडाळला, तेव्हा बातम्यांतला खर्चाचा आकडा सुमारे ५० कोटी युरो होता.