शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघ: पुन्हा निवडून येता येतं ते नेमकं कुठे?

शाळेच्या समितीवर काम केलेल्या पालकाला पुन्हा निवडून यायचं असेल, तर मतं कुणाची मिळतील हा विचार नंतरचा. आधी आपण कोणत्या समितीवर होतो ते पाहावं लागतं. महाराष्ट्रात 'पालकांची समिती' म्हणून ओळखली जाणारी दोन मंडळं आहेत. एक शाळा व्यवस्थापन समिती, दुसरी पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती. पहिल्या समितीत पालकसभेने पुन्हा नाव सुचवलं तर परत येता येतं. दुसऱ्या समितीत एक वर्ष झालं की कायदाच पाच वर्षं बाहेर बसवतो. खासगी अनुदानित शाळेत ही दोन्ही मंडळं एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे गोंधळ तिथे सगळ्यात जास्त होतो.

शाळा व्यवस्थापन समितीचा आधार आहे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि अनुदानित शाळांना ती लागू आहे. विनाअनुदानित शाळा या कलमातून वगळल्या आहेत. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. महाराष्ट्रात समिती साधारण १२ ते १६ जणांची असते, त्यात सदस्य सचिव धरलेला नाही. म्हणजे १२ जणांच्या समितीत ९ पालक. उरलेल्या जागांवर स्थानिक स्वराज्य संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, शिक्षक आणि स्थानिक शिक्षणतज्ज्ञ येतात. मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव असतात. अध्यक्ष मात्र पालक सदस्यांतूनच होतो. सरपंच अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेले दिसले, तर त्यांचं मूल त्या शाळेत आहे का आणि ते पालक म्हणून निवडले गेलेत का, एवढं विचारायला हरकत नाही.

पालक-शिक्षक संघाचा उगम वेगळा आहे. महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा, प्रत्यक्ष अंमलात आला २०१४ मध्ये. त्यानुसार खासगी शाळेच्या प्रमुखाने शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत संघ स्थापन करायचा असतो. प्रत्येक विद्यार्थ्याचा पालक आणि प्रत्येक शिक्षक आपोआप त्याचा सदस्य. वर्गणी शहरात वर्षाला ५० रुपये, ग्रामीण भागात २०. संघात सगळेच असतात, पण निर्णय घेते त्याची कार्यकारी समिती. तिचे अध्यक्ष प्राचार्य किंवा मुख्याध्यापक, उपाध्यक्ष एक पालक, सचिव एक शिक्षक, दोन सहसचिव पालक, शिवाय प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक. इथेही निम्म्या महिला हव्यात.

या कार्यकारी समितीवरचे पालक मतदानाने येत नाहीत, सोडतीने येतात. इच्छुक पालकांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि उचलायच्या. त्यामुळे 'गेल्या वर्षी मी चांगलं काम केलं, यंदाही मलाच घ्या' या म्हणण्याला इथे जागाच नाही. कार्यकाळ एका शैक्षणिक वर्षाचा, आणि तो संपल्यावर पुढची पाच शैक्षणिक वर्षं त्या पालकाची चिठ्ठी सोडतीत टाकता येत नाही. हिशेब करून पाहा. मूल पहिलीत असताना नाव निघालं, तर दुसरी ते सहावी बंदी आणि सातवीत पुन्हा संधी. पाचवीत असताना निघालं, तर सहावी ते दहावी बंदी, म्हणजे दहावीपर्यंतच्या शाळेत त्या मुलापुरता विषय संपला.

एवढी कडक अट का? कारण या समितीच्या हातात फीचा निर्णय आहे. विनाअनुदानित शाळेचं व्यवस्थापन पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी कार्यकारी समितीपुढे ठेवतं आणि समितीने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते. व्यवस्थापनाने मागितलेल्या आणि समितीने मान्य केलेल्या फीत १५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल, तर व्यवस्थापन विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकतं. म्हणजे जून २०२७ पासूनची फी ठरवायची, तर प्रस्ताव डिसेंबर २०२६ पर्यंत समितीच्या टेबलावर हवा. अशा समितीवर तेच चार पालक वर्षानुवर्षं बसले, तर व्यवस्थापनाशी त्यांचं सूत जुळायला वेळ लागत नाही. आमच्या मते कायद्यातली ही सगळ्यात शहाणी अट आहे, आणि सगळ्यात जास्त मोडली जाणारीही.

ती मोडते कशी? शाळा 'इच्छुकांनी नावं द्या' असा मेसेज पाठवते, सोडत काढतच नाही आणि सोयीची नावं जाहीर करते. किंवा सोडत निघते, पण इतर पालकांना न बोलावता ऑफिसात. म्हणून सोडतीची तारीख आणि वेळ लेखी मागा, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजायला लावा आणि मागच्या पाच वर्षांच्या सदस्यांची यादी शेजारी ठेवा. शेवटची गोष्ट कुणी करत नाही, आणि बंदी असलेलं नाव तिथूनच पुन्हा आत शिरतं.

शाळा व्यवस्थापन समितीत मात्र खरी निवडणूक असते. समितीची पुनर्रचना दर दोन वर्षांनी होते, पालक सदस्य पालकसभेतून निवडले जातात आणि एकाने किती वेळा निवडून यावं यावर शिक्षण हक्क कायद्याने मर्यादा घातलेली नाही. अट खरी एकच: तुमचं मूल त्या शाळेच्या पटावर हवं. पहिली ते चौथीच्या शाळेत मूल चौथीत असताना पुन्हा उभं राहिलात, तर पुढच्या जूनमध्ये ते दुसऱ्या शाळेत जाणार आणि तुमची जागा अर्ध्या मुदतीत रिकामी होणार. अशा वेळी दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या पालकाला पुढे करणं बरं. धाकटं भावंड त्याच शाळेत असेल, तर प्रश्नच नाही.

पुन्हा उभं राहणाऱ्याची कसोटी लागते ती इतिवृत्ताच्या वहीत. महिन्याला किमान एक बैठक अपेक्षित आहे, म्हणजे दोन वर्षांत चोवीस. सभेत कुणी वही उघडून तुमच्या सह्या मोजल्या तर? पोषण आहाराची तपासणी, शाळाबाह्य मुलांचा पाठपुरावा, अनुदानाचा खर्च, गणवेश, सगळं या वहीत आणि हिशेबाच्या रजिस्टरात दिसतं. गणवेशाचा हिशेब तर पालक पहिला विचारतात. त्यातही २०२४-२५ मध्ये गणवेशाचं काम राज्यपातळीवर गेलं होतं, तेव्हाचा उशीर समितीच्या माथी मारू नये. शाळा विकास आराखडा करून घेतला असेल, तर तो सभेत वाचून दाखवा: काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं. भाषणापेक्षा ते चालतं.

बिघडतं ते बहुतेक वेळा सभेच्या तारखेपाशी. नोटीस आदल्या दिवशी निघते, वेळ सकाळी अकराची, मजुरीला गेलेले पालक येऊ शकत नाहीत आणि वीस-पंचवीस जणांत 'बिनविरोध' होऊन जातं. बीडसारख्या ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव कारखान्यांकडे निघतं. तिथे पुनर्रचना त्यानंतर घेतली, तर ज्यांच्या मुलांना हंगामी वसतिगृह लागतं तेच पालक सभेत नसतात. मग महिलांच्या जागांवर नाव बाईचं आणि बैठकीला नवरा, हा प्रकार. सही तिची नसेल तर ती उपस्थिती धरू नका, असं सदस्य सचिवांना स्पष्ट सांगावं लागतं.

नावांच्या गर्दीत आणखी दोन फसवी नावं आहेत. खासगी संस्थेच्या शाळेतली 'शाळा समिती' ही संस्थेची असते, नेमणुका आणि सेवाविषयक कामं पाहणारी. पालकसभा तिला निवडत नाही. सीबीएसई शाळांच्या व्यवस्थापकीय समितीत दोन पालक असतात, पण ती शिक्षण हक्क कायद्यातली समिती नव्हे. अल्पसंख्याक संस्थांच्या अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते, मात्र तिचं काम सल्ला देण्यापुरतं.

निवड झाल्यावरचं एक काम पुष्कळ ठिकाणी राहून जातं. शाळा व्यवस्थापन समितीचं बँक खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालतं. तोच अध्यक्ष परत आला तरी नव्या समितीचा ठराव लिहून ठेवा. अध्यक्ष बदलला असेल, तर ठरावाची प्रत, नव्या अध्यक्षाची केवायसी कागदपत्रं आणि सहीचा नमुना पहिल्याच आठवड्यात बँकेत द्या. नाहीतर अनुदान खात्यावर येऊन पडतं आणि काढायला सही जुन्या अध्यक्षाची लागते, जे एव्हाना रुसलेले असतात.