पांढरं सिमेंट: ग्लास आयोनोमर की कंपोझिट?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यात खुर्चीवर बसून "डॉक्टर, चांदी नको, पांढरं सिमेंट भरा" म्हटलं, की दातात दोनपैकी काहीही भरलं जाऊ शकतं. रंग दोघांचाही दातासारखा. कीड रोखायला मदत करणाऱ्या फ्लोराइडच्या बाबतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

ग्लास आयोनोमर म्हणजे फ्लोराइड असलेल्या काचेची पूड आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल. दोन्ही कालवली की आम्ल काचेला खातं, मिश्रण घट्ट होतं आणि त्या झटापटीत फ्लोराइड मोकळं होतं. पहिल्या 24 ते 48 तासांत ते भरपूर सुटतं, मग ओघ आटत जातो आणि पुढे थोडंथोडं वर्षानुवर्षं झिरपत राहतं. फ्लोराइडवाल्या पेस्टने दात घासले की त्यातलं थोडं सिमेंटमध्ये पुन्हा मुरतं आणि सावकाश बाहेर येतं.

कंपोझिट ही राळ, त्यात काचेची बारीक भुकटी, निळ्या लाईटने कडक केलेली. साध्या कंपोझिटमधून फ्लोराइड जवळपास सुटतच नाही. पण मजबुती आणि चकाकी त्याचीच. दिवसभर खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) चघळणाऱ्याच्या दाढेत, चावण्याच्या जागी, साधं ग्लास आयोनोमर झिजतं नाहीतर तुटतं. हिरडीलगतची खाच किंवा लहान मुलांचे दुधाचे दात, तिथे ते शोभतं.

"फ्लोराइडवालं भरलं, आता कीड लागणारच नाही" हे मात्र मला पटत नाही. प्रयोगशाळेत फायदा स्पष्ट दिसतो, तोंडात तितका ठामपणे दिसलेला नाही. दात नीट घासले नाहीत तर सिमेंटच्या कडेने कीड शिरतेच.

आपल्याकडे उलटी भीतीही असते. चंद्रपूर, यवतमाळकडच्या बोअरच्या पाण्याने पिवळे-तपकिरी झालेले दात पाहिलेले लोक फ्लोराइड म्हटलं की बिचकतात. ते डाग लहानपणी, दात हाडात घडत असताना, रोज पोटात गेलेल्या जास्त फ्लोराइडचे. मोठ्या माणसाच्या दातातल्या सिमेंटने ते होत नाहीत.

आणि लाईट मारला म्हणजे कंपोझिटच, असंही धरू नका. राळ मिसळलेलं ग्लास आयोनोमरही लाईटनेच कडक होतं आणि फ्लोराइडही सोडतं. बिलावर नुसतं "फिलिंग" असेल तर सरळ नाव लिहून मागा.